पुकार दोन

निवृत्त माणसाची दुपारची झोप कुणी मोडू नये, असा चंद्रावतीबाईंचा साधा नियम होता आणि गेल्या दोन वर्षांत तो एकानेही पाळला नव्हता. एकोणतीस वर्षं त्या पनवेलच्या सरकारी दफ्तरखान्यात होत्या. तिथं मोडी वाचणारं त्यांच्यानंतर कुणी उरलं नाही. निवृत्त होऊन त्या सुकापूरला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, तर आता जातीच्या दाखल्यासाठी जो तो पणजोबांचे कागद घेऊन त्यांच्या दारात. बाई कुरकुरत आणि वाचून देत. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नाशिकला. कुरकुर करायला तरी माणूस लागतंच की.

त्या मंगळवारी दुपारी आले ते दाजी घरत. वय ब्याऐंशी, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून धाप लागलेली, दंडाला धरून नातू मितेश. घरात आणि गावात सगळेच त्यांना दाजी म्हणत, नातूसुद्धा. पुढच्या आठवड्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सह्या घेताना जरा जास्तच समजावून सांगितलं होतं आणि दाजी त्यातून काय ते समजले होते.

त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. बाईंनी पाहताक्षणी ओळखली. तीस वर्षांपूर्वी हेच पान त्यांनी दफ्तरखान्यात, दुसऱ्या दोन फायली काखेत धरून, ह्याच माणसाला वाचून दाखवलं होतं.

पान १९०८ सालचं. दाजींची आजी मैना मिठागराच्या चरीत मेलेली सापडली होती. गुडघाभर पाणी आणि मानेवर बोटांचे वळ. आळ आला तिच्या नवऱ्यावर, रामूवर. मामलेदारांनी बंदरावर बसून चौकशी घेतली. रामूच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार होता आणि तो आलाच नाही. रामू फासावर गेला. दाजींचा बाप तेव्हा चार वर्षांचा. तेव्हापासून ह्या घराला गावात नाव पडलं ‘फाशीवाले’. लग्नं जमताना, बांधावरची भांडणं होताना ते नाव बरोबर वर यायचं. चौकशीचे बाकीचे कागद वाळवीने खाल्ले. उरलं हे एकच पान, आणि त्यात बाईंनी तेव्हा वाचलं होतं, साक्षीदार हजर नाही.

“बाई, तवा तुमी उब्यानं वाचलंव,” दाजी म्हणाले. “आता बसून वाचा. माज्या आज्यानं माज्या आजीला मारली का नाय, येवडंच मना मराच्या आदी समजाला पायजे.”

बाईंना ते लागलं. त्या भिंग घेऊन बसल्या.

मोडी ही घाईत असलेल्या माणसाची लिपी. लिहिणारा बोरू उचलत नाही, शब्दांमध्ये जागा सोडत नाही. कुठं शब्द तोडायचा ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ओळ होती ती अशी: साक्षीदारहाजरानाहीपुकारदोन. तेव्हा बाईंनी सरळ तोडली होती. साक्षीदार हाजर नाही, पुकार दोन. ‘हाजर’ म्हणजे आपलं ‘हजर’, जुने कारकून तसंच लिहीत. ‘र’पुढे काना दिसत होता, पण ती पुढच्या अक्षराला जोडायची रेघ असेल, असं समजून त्यांनी सोडून दिला होता.

आज त्यांनी पानावर दुसरीकडे पाहिलं. ह्याच कारकुनाने वर दोनदा ‘पंच हाजर’ लिहिलं होतं. दोन्हीकडे काना नव्हता. माणूस चोख होता. म्हणजे काना हा कानाच होता.

साक्षीदार हाजरा. नाही. पुकार दोन.

बाईंच्या हातातलं भिंग खाली आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. एका काना-मात्रेपायी त्यांनी साक्षीदाराचं नाव पुसून टाकलं होतं आणि हा माणूस तीस वर्षं ते तसंच घेऊन हिंडत होता.

“दाजी, माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. “साक्षीदार बाई होती. हाजरा नावाची.”

मग दाजींनी जे सांगितलं, ते ऐकून मितेशही पुढं सरकून बसला. ते सात-आठ वर्षांचे असताना बंदरावरच्या मोहल्ल्यात हाजरा नावाची एक म्हातारी होती. कायम मागच्या दाराशी, आतल्या बाजूला, कडीला हात लावून बसलेली. पोरं तिला ‘मागल्या दारची’ म्हणायची. हाक मारली तर ओ देत नसे. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या नझीरची ती पणजी.

तिघं मोहल्ल्यात पोचले तेव्हा चार वाजत आले होते. गल्लीत गाडीला जागा नव्हती. दोघांना उतरवून मितेश गाडी लावायला पुढं गेला. नझीरचं घर म्हणजे आखातातल्या कमाईवर उठलेले तीन चकचकीत मजले, खाली दुकान. पाठीमागचं स्वयंपाकघर मात्र जुनंच ठेवलेलं, बुटकं, त्याचं सागवानी दार खाडीच्या अंगाला. नझीरने दोघांना बसवलं आणि आत तोंड करून एका दमात हाका मारल्या, अम्मी, अम्मी, अम्मी. बाईंना वाटलं, काय घाई आहे ह्या माणसाला.

अम्मी म्हणजे मुबीना. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावरचा पदर नीट सावरून बोलणारी बाई. हाजराचं नाव काढताच तिने नझीरला दुकानात पाठवलं आणि ह्या दोघांना मागच्या स्वयंपाकघरात नेलं. चहा टाकला. चहा झाल्यावर, सासूकडून ऐकलेलं तिने सगळं सांगितलं.

ती संध्याकाळची भरतीची वेळ होती. हाजराचा नवरा होडीत माल भरत होता आणि रामू त्याला मदत करत होता, ह्याच दारापुढं. काम आटपून नवरा होडी घेऊन उरणकडे गेला. रामू पाणी प्यायला थांबला. तांब्या त्याच्या हातात होता, तेवढ्यात मिठागराच्या बांधाकडून हाक आली, मैना. आवाज रामूचा.

“रामू तर इथं बसलेला, हाजराच्या नजरेसमोर,” मुबीना म्हणाली. “तोंडाला तांब्या लावलेला. आणि तिकडून त्याचाच आवाज... दुसऱ्यांदा. मग मैनाने लांबून ओ दिली.”

रामू पळत सुटला. तो पोचला तेव्हा मैना चरीत पालथी पडली होती, आणि लोक पोचले तेव्हा रामू तिच्याजवळ होता. त्याचा आवाज तर अर्ध्या गावाने ऐकला होता.

तिसऱ्या दिवशी मामलेदार आले. हाजरा सकाळपासून तयार होऊन ह्या दारामागे बसली. तिला सगळं सांगायचं होतं. बाहेरून हवालदाराची हाक आली, साक्षीदार हाजरा. तिने कडीला हात लावला. दुसरी हाक आली. ती तिसरीची वाट पाहत राहिली. दोन हाकांना ओ देणाऱ्या बाईचं काय झालं, ते तिने दोनच दिवसांपूर्वी पाहिलं होतं. ते जे काही होतं, ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाचीच. पण भरती चढत होती, मामलेदारांची होडी सुटायची होती आणि हवालदाराने रिवाजाच्या तीनऐवजी दोन पुकारांवरच काम भागवलं.

“तिसरी आलीच नाही,” मुबीना म्हणाली. “ती मरेपर्यंत इथं बसून होती बिचारी. आता येईल म्हणून. आमच्या घरात तेव्हापासून तीन हाकांशिवाय कुणी कुणाला ओ देत नाही. नवीन सुनेला पहिलं तेच शिकवतात.”

दाजी रडत होते. लहान मुलासारखे, तोंड न झाकता. आज्यानं नाय मारलं, आज्यानं नाय मारलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. बाईंनाही भरून आलं. एक काना नीट वाचल्याने एवढं काही होऊ शकतं, हे त्यांना नोकरीत कधी कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दाराबाहेरून हाक आली.

“दाजी...”

मितेश गाडी लावून आला, असंच बाईंना वाटलं. त्याचाच आवाज, जरासा घोगरा. चुकून मागच्या बाजूला गेला असेल. त्या त्याला दुकानातून ये म्हणून सांगणार होत्या. पण मुबीनाने इतका वेळ सावरलेला पदर सोडून दाजींचं मनगट घट्ट पकडलं होतं आणि दुसरा हात स्वतःच्या ओठांवर धरला होता.

“दाजी...”

दाजींचं तोंड उघडलं होतं. चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि बाईंना नंतर आठवत राहिलं ते हेच. चुलीपाशी चिखलाचा वास येऊ लागला, ओहोटीनंतर खाजणात येतो तसा खारट. बाहेर एकही पाऊल वाजलं नाही. तिघंही तिसऱ्या हाकेची वाट पाहत बसली... आणि ती आली नाही.

थोड्या वेळाने दुकानाच्या बाजूने मितेश आत आला. बंदरावर मेली जागाच मिळत नाही म्हणून तक्रार करत. त्याने कुणाला हाक मारली नव्हती.

परतताना गाडीत दाजी एकदाच बोलले. “घरतांच्या घरान सगल्यांचा आवाज येकच. आज्याचा बी असाच आसंल, न बाई?”

बाईंनी त्यांना बजावलं, दोन हाकांना ओ द्यायची नाही. दाजींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते बाईंना कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी मितेश एकटाच आला. दाजींना त्या ओळीचं शुद्ध वाचन बाईंच्या सहीनिशी हवं होतं, ऑपरेशनला जाण्याआधी गावाच्या देवळात वाचून दाखवायला. दीड वाजता तो आला आणि तीन वाजून गेल्यावर गेला. बाई लिहीत होत्या, तो खुर्चीत पेंगत होता. मोबाईल बंद पडला म्हणून घरीच टाकून आला होता. मधेच जागा होऊन म्हणाला, दाजी फार खूश आहेत, हल्ली रोज दुपारी मागच्या ओट्यावर बसतात, बांधाकडे तोंड करून. बाईंचं पेन थांबलं. घरी फोन करावा असं त्यांच्या मनात आलं, पण घरच्यांचे नंबर मितेशच्या त्या बंद मोबाईलमध्ये होते, पाठ एकही नव्हता. त्यांनी भराभर सही केली आणि त्याला लवकर जा म्हणाल्या.

तो पोचला तेव्हा घरापुढं माणसं जमली होती. दाजी बंद पडलेल्या मिठागराच्या चरीत पालथे सापडले होते. गुडघाभर पाणी. मानेवर बोटांचे वळ.

सून आत झोपली होती. झोपेत तिने दाजींना ‘ओ, आलो’ म्हणताना ऐकलं. शेजारच्या कृष्णाबाईंनी शपथेवर सांगितलं की दोनच्या सुमारास बांधाकडून मितेशचा आवाज आला, दाजी, दाजी, असा दोनदा. आदल्या दिवशी जमिनीच्या कागदावरून आजोबा-नातवाचं वाजलं होतं, तेही कुणीतरी आवर्जून सांगितलं. पोलिसांना आणखी काय हवं? दोन वाजता मितेश सुकापूरला होता, हे सांगणारं जगात एकच माणूस होतं. बाईंच्या बिल्डिंगचा कॅमेरा गणपतीपासून बंद.

बाईंनी आपण होऊन पोलीस ठाण्याला फोन केला. तिकडचा हवालदार चांगलं बोलला. लेखी जबाब लागेल, म्हणाला. शनिवारी चारला साहेबांबरोबर जीप घेऊन येतो, तुम्ही घटनास्थळी चला, साहेब पंचांसमोरच जबाब घेतील. पाचपर्यंत कागद पुरा झाला नाही तर पोराला अटक दाखवून दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करतील. मग तो म्हणाला, “लिफ्ट बंद आहे म्हणालात ना? मी खालूनच हाक मारतो, मॅडम. तयार राहा.”

फोन ठेवल्यावर ते वाक्य बाईंच्या कानात राहिलं.

शनिवारी त्या तीनलाच तयार होत्या. चपला घातलेल्या, पर्स मांडीवर, दाराजवळच्या स्टुलावर. आपण मूर्खपणा करतो आहोत, हे त्यांना समजत होतं. हवालदार हाक मारणार, आपण जाणार, दोन वाक्यांत पोर सुटणार. वीज गेली होती. पंखा थांबल्यामुळे जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या नळाची टपटपसुद्धा.

चारला पाच मिनिटं कमी असताना खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. बाई उठल्या. कडीला हात लावला.

“चंद्रावतीबाई...”

आवाज पुरुषाचा होता. हवालदाराचा का? फोनवर ऐकलेला आवाज आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना फक्त मितेशचा आठवला, जरासा घोगरा. ओ घशापर्यंत आली होती. ती त्यांनी गिळली. गॅलरीत जाऊन पाहावं, तर गॅलरी मागच्या बाजूला, तिथून रस्ता दिसत नाही. फोन लावावा, तर मोबाईलला रेंज नव्हती.

“चंद्रावतीबाई...”

आता एकच हाक. आणखी एक. त्या मनात म्हणत होत्या, मार बाबा, लवकर मार, मी उभीच आहे. डोळ्यांपुढे खुर्चीत पेंगणारा मितेश दिसत होता. कडी घामाने ओली झाली होती. दार उघडून धावत खाली जावं, असं त्यांना दहा वेळा वाटलं, आणि दहाही वेळा गुडघाभर पाणी आणि ते वळ आठवले. नळ टपटपत होता. खारट चिखलाचा वास येत होता, आणि तो बाहेरून येतोय की घरातूनच, ते त्यांना कळत नव्हतं. तिसरी हाक... तिसरी आली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. खाली गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. हाजराला आयुष्यभर लोकांनी काय काय म्हटलं असेल, फुटली, विकली गेली, घाबरट, ते सगळं आता त्यांचं होतं. त्या मोठ्याने रडल्या. मग भानावर येऊन त्यांनी हवालदाराला फोन लावला. चौथ्या प्रयत्नाला लागला.

हवालदार वैतागलेला होता. मागं जीपचा आवाज येत होता.

“मॅडम, किती वाट बघायची आम्ही? तुमचा फोन लागेना. तीन हाका मारल्या.”

“दोन,” बाई म्हणाल्या. “दोनच आल्या.”

“तीन, मॅडम. तिसरीला तुम्ही ओ दिलीत की. वरून. मी आणि साहेब, दोघांनी ऐकली. म्हणून तर दहा मिनिटं थांबलो. खाली कुणीच आलं नाही, मग साहेबांनी लिहून टाकलं.”

“काय लिहिलं?”

“काय लिहिणार? साक्षीदार हजर नाही.”

बाईंनी सांगितलं, मी आत्ता निघते, रिक्षाने येते, साहेबांना थांबवा. तिकडून काय उत्तर आलं ते त्यांना ऐकू आलं नाही, रेंज गेली होती. त्यांनी पर्स उचलली. आता हाक येवो न येवो, जायचंच. त्या कडी काढायला गेल्या.

कडी काढलेली होती. इतका वेळ हातात घट्ट धरलेली कडी. दार बोटभर उघडं होतं.

त्यांनी ते हळूच ढकललं. जिन्यात कुणी नव्हतं. उंबऱ्यापासून पायरीपायरीने अनवाणी पायांचे ओले ठसे उमटले होते, लहानखुऱ्या, बाईमाणसाच्या पायांचे. बाईंच्या पायांत तर चपला होत्या. वरचे वाळू लागले होते आणि वाळतील तिथं मिठाची पांढरी कड धरत होती. बाईंनी वाकून, कठड्याला धरून, दिसतील तितके ते पाहिले. सगळे खाली उतरणारे होते. वर आलेला एकही नव्हता.